मातोश्रींची दहा वर्षे



सज्जनहो, ध्रुवाचे आख्यान आपल्याला नवे नाही. पाच वर्षांचे पोर बापाच्या मांडीवर बसायला गेले, सुरुचीने दटावले, बाप मान खाली घालून गप्प बसला, आणि सुनीतीने डोळे पुसत पुसत लेकराला देवाची वाट दाखवली. इथवरचे सगळ्यांना पाठ. मधुवन पाठ, नारदांचा उपदेश पाठ, अढळपद तर पाठच पाठ. आम्ही कीर्तनकारही अढळपदापाशी आलो की गजर करतो, मृदंगावर थाप पडते, बुक्का लागतो, आणि ध्रुवाला आकाशात बसवून सगळे प्रसादाकडे वळतात.

पण भागवताच्या चौथ्या स्कंधात गोष्ट तिथे थांबत नाही बरं का. ध्रुव परत घरी येतो, राज्य करतो, म्हातारा होतो, बदरिकाश्रमात जाऊन बसतो. शेवटी वैकुंठाचे विमान येते. नंद आणि सुनंद हे विष्णूचे पार्षद समोर उभे राहतात. प्रत्यक्ष मृत्यू पुढे येतो, तर हा त्याच्या मस्तकावर पाय ठेवून, घराची पायरी चढावी तसा विमानात चढतो. याहून मोठे यश त्रैलोक्यात नाही. आणि अशा वेळी त्याच्या मनात काय येते? सुनीती! मी चाललो, पण माझ्या आईचे काय? त्या बिचारीला मागे टाकून मी एकटाच त्या दुर्लभ जागी जाऊ काय? पार्षदांनी मन ओळखले. म्हणाले, राजा, जरा पुढे बघ. पुढे दुसरे विमान चालले होते आणि त्यात आई बसली होती. लेकाच्याही पुढे!

व्यासांनी हे दोन श्लोकांत उरकले आहे. मला मात्र सगळ्या आख्यानात तेवढेच दोन श्लोक पुरतात. अढळपद हातात आले आणि ते गोड लागेना, कारण ते बघायला आई नव्हती. पंढरीच्या वाटेवरच्या माणसांना हे फोड करून काय सांगायचे? पुंडलिकाच्या दारात परब्रह्म चालत आले, आणि तो म्हणाला, थांबा, आईबापांची सेवा चालली आहे. आपण वारी करतो ती त्या थांबवून ठेवलेल्या देवाची.

हा झाला पूर्वरंग. आता उत्तररंगाला ध्रुव-पुंडलिकांना नमस्कार करून आपण पुराणातून इतिहासात उतरू. लांब जायचे नाही. पुण्याच्या नैर्ऋत्येला, गुंजवणी नदीच्या खोऱ्यावर, राजगड. शके १५८५, माघ महिना. इंग्रजी सन १६६४.

शिवाजी महाराजांचे चौतिसावे वर्ष पुरे होत आले होते. मागची चार-पाच वर्षे नुसती डोळ्यांपुढे आणा. १६५९ च्या नोव्हेंबरात प्रतापगडाखाली अफजलखान पडला. १६६० च्या जुलैत पन्हाळ्याचा वेढा फोडून महाराज विशाळगडाकडे निसटले. १६६३ च्या एप्रिलात पुण्याच्या लाल महालात शिरून शाएस्ताखानाची बोटे कापली. आणि बघा, तो वाडा काही परका नव्हता. ज्या घरात आईचा हात धरून लहानपण गेले त्याच घराच्या खिडक्या-दारांचा हा हिशेब होता. त्यानंतर नऊ महिन्यांनी, १६६४ च्या जानेवारीत, सुरत. मोगलांचे सर्वांत श्रीमंत बंदर. ६ तारखेपासून १० तारखेपर्यंत ती लूट चालली. इतिहासकार ती कोटी रुपयांच्या घरात मोजतात. बैलांवर, घोड्यांवर लादून ते सोने-नाणे, मोती, हिरे सह्याद्रीकडे निघाले. दिल्लीच्या बादशहाचे नाक भर बाजारात कापले गेले. ज्या पोराच्या बापाला लोक दुसऱ्याचा सरदार म्हणून ओळखत, त्या पोराचे नाव आता इंग्रज-डचांच्या वखारीतले कारकून कागदावर उतरवीत होते.

म्हणजे यश म्हणतात ते सगळे आले. धन आले, कीर्ती आली, शत्रूला धाक बसला. राजगडावर आनंदाने नगारा वाजायला हवा.

आणि कर्नाटकातून निरोप आला. २३ जानेवारीला, होदिगेरीच्या रानात शिकार करताना शहाजीराजांचा घोडा अडखळला, राजे खाली आले आणि तिथेच गेले.

महाराजांवर आभाळ कोसळले, हे खरेच. वडील दूर होते. बंगळूर, बसवपट्टण असे त्यांचे आयुष्य दक्षिणेत गेले, आणि लेक पुण्या-राजगडाकडे वाढला. पण दूर असला तरी बाप तो बाप. त्या शोकातून डोके वर निघते न निघते तोच दुसरी बातमी वाड्यातून आली. मातोश्री सहगमनाला निघाल्या. चिता रचायला सांगितले आहे.

मायबाप हो, इथे थोडे थांबू. जिजाऊसाहेबांच्या बाजूने जरा बघू. त्या निघाल्या यात नवल काय होते? या बाईने आयुष्यात काय काय पुरले होते ते आठवा. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची लेक. १६२९ च्या जुलैत दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात वडील लखुजी, दोन भाऊ आणि भाचा, सगळे एका दिवशी कापले गेले. माहेर म्हणून जे काही असते ते एका तासात बुडाले. तेव्हा शिवबा पोटात होते. पुढच्या फेब्रुवारीत शिवनेरीवर जन्म झाला. थोरला मुलगा संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत गेला. सून सईबाई १६५९ मध्ये गेली आणि दोन वर्षांचा नातू आजीच्या पदरात टाकून गेली. आता कुंकूही पुसले. परंपरेने जन्मसाल १५९८ धरतात, म्हणजे वय साठीच्या पुढे. अशा बाईला कोणी विचारले असते, आऊसाहेब, आता राहिले काय? तर तिने काय उत्तर द्यावे? लेक मोठा झाला, राज्य झाले. माझे काम संपले.

काही बुवा सहगमनाचे फार गोडवे गातात. मी गात नाही. आपल्या महाभारतातच बघा ना. पांडू गेला तेव्हा माद्री चितेवर चढली आणि कुंती मागे राहिली, पाच पोरे सांभाळायला. पुढचे महाभारत कोणामुळे झाले? मागे राहिलीमुळे. जळणे एका घटकेचे असते. राहणे रोजचे असते, सकाळी उठून परत राहायचे असते. सतीबंदीचा कायदा इंग्रजी अमलात १८२९ साली झाला. त्याच्या १६५ वर्षे आधी राजगडावर एका मुलाने ती बंदी आपल्या घरापुरती केली. कायदा दाखवून नाही, हट्ट करून.

काय केले महाराजांनी? बखरीतली हकीकत आहे ती ऐका. महाराज आईपाशी आले. समजावले. सरदार आले, कारभारी आले, थोरथोर माणसांनी विनवले. मातोश्री ऐकेनात. तेव्हा हा राजा, ज्याने खानाचा कोथळा काढला, सुरत उलथून टाकली, तो सगळ्यांदेखत जाऊन आईच्या मांडीवर बसला. गळ्याला मिठी घातली. शपथा घातल्या. आणि म्हणाला त्याचा मतलब असा की, आई, तू गेलीस तर मी जे काही करतो ते पाहायला मला कोण उरले? तू जाऊ नकोस.

विठ्ठल विठ्ठल!

बखर म्हणजे रोजनिशी नव्हे, हे मीही जाणतो. कुठे भर पडते, कुठे रंग चढतो. पण जरा विचार करा. बखरकार दरबारासाठी लिहितो. धन्याचे शौर्य वाढवून सांगणे हे त्याचे काम. चौतीस वर्षांचा राजा आईच्या मांडीवर बसला, हे तो कशाला घालील? यात कुठले शौर्य? त्याला आपल्या धन्याविषयी सांगण्यासारखी वाटली म्हणूनच ही गोष्ट कागदावर राहिली. आणि साडेतीनशे वर्षे झाली, कोणी ती पुसून टाकली नाही.

मला त्या बोलण्यातला शब्द न् शब्द मोलाचा वाटतो. तू गेलीस तर राज्य कोण सांभाळील, असे महाराज म्हणाले नाहीत. सल्ला कोण देईल, असेही म्हणाले नाहीत. पाहायला कोण, एवढेच विचारले. सुरतेच्या थैल्या खाली कोठीत पडल्या असतील, मोजणी चालू असेल. पण मोजणारे पुष्कळ असतात हो. मोजणारा वेगळा आणि पाहणारा वेगळा. पोराने शाळेत बक्षीस मिळवले की ते गुरुजींनी दिलेले असते, टाळ्या गावाने वाजवलेल्या असतात. तरी ते पोर धावत कुठे सुटते? स्वयंपाकघरात. आई भाकरी थापत असते, हात पिठाचे असतात, तिला त्या बक्षिसावरचे अक्षर वाचताही येत नसेल. पण ती पाहते. तिने पाहिले की बक्षीस खरे झाले.

ध्रुवाला बापाची मांडी हवी होती, ती मिळाली नाही. शिवाजी महाराजांनी आईची मांडी मागून घेतली. आणि मातोश्री उठल्या. चितेकडे नव्हे, वाड्यात.

आता इथून पुढे हिशेब धरा. १६६४ च्या आरंभापासून १६७४ च्या जूनपर्यंत, दहा वर्षे आणि वर काही महिने. ही दहा वर्षे म्हणजे त्या मांडीवर बसून मागून घेतलेले दान आहे. आपण जिजाऊंचे चरित्र सांगतो ते बहुधा शिवनेरीचे आणि पुण्याचे, रामायण-महाभारताच्या गोष्टींचे, सोन्याच्या नांगराचे. लहान शिवबाचे. ते सांगावेच. पण या दहा वर्षांबद्दल आम्ही मंडळी भराभर पुढे जातो. जसे काही मूल मोठे झाले की आईचे प्रकरण संपले.

पहिले वर्ष घ्या. १६६५ चा जानेवारी, सूर्यग्रहण. महाराज आईला घेऊन महाबळेश्वरी गेले. कृष्णेच्या उगमाशी, ग्रहणकाळी, मातोश्रींची सुवर्णतुला केली. एका पारड्यात आई आणि दुसऱ्यात सोने. त्याच दिवशी सोनोपंत डबीर या वृद्ध कारभाऱ्यांचीही तुला झाली. घरातले म्हातारे माणूस आणि दरबारातले म्हातारे माणूस, दोघांचा मान एकाच दिवशी. बरं, आता तराजूचे गणित बघा. काटा मधोमध आला म्हणजे व्यापारी काय म्हणेल? दोन्ही सारखे झाले. पण तुला झाल्यावर सोने दान गेले. हां! सोने उचलून देऊन टाकले आणि आईला पालखीत बसवून घरी आणले. सारखे कुठे झाले?

त्याच वर्षी जूनमध्ये मिर्झाराजे जयसिंगांशी पुरंदरचा तह झाला. तेवीस किल्ले द्यावे लागले, हाती बारा राहिले. एवढे मोठे नुकसान, आणि एकेक गड कसा मिळाला होता ते जिला ठाऊक तिच्यासमोर जाऊन सांगायचे. विजय सांगायला कोणीही चालतो. हरलेले सांगायला आई लागते.

मग आग्रा. ५ मार्च १६६६ ला महाराज राजगडावरून निघाले. बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे. बादशहाच्या दारात जायचे, परत येऊ न येऊ. राज्य कोणाच्या हाती दिले? कारभारी होते, मोरोपंत होते, पण वर मातोश्री. १२ मे ला दरबारात अपमान झाला, पुढे पहारे बसले, आणि १७ ऑगस्टला महाराज तिथून निसटले. ते सगळे आपण दुसऱ्या दिवशी सविस्तर सांगू, पेटाऱ्यांची कथा मोठी आहे. मला आज फक्त परत येतात तो क्षण हवा आहे. परंपरेत असे सांगतात की राजगडाच्या दाराशी बैरागी आले, मातोश्रींना भेटायचे म्हणाले. मातोश्री समोर आल्या तर त्यांतला एक बैरागी पुढे होऊन पायांवर पडला. बैराग्याने पायांवर पडावे याचा त्यांना अचंबा वाटला. आशीर्वाद बैरागी देतो, घेत नाही. मग त्याने डोके त्यांच्या मांडीवर ठेवले, आणि ओळख पटली. पुन्हा मांडीच आली बघा.

एका गावी कीर्तन संपल्यावर एका तरुणाने मला अडवले. शहरात नोकरीला होता, सणाला गावी आलेला. म्हणाला, बुवा, तुम्ही आईचे महत्त्व सांगता ते पटते. पण महाराज स्वतः घरी कुठे बसले होते? वर्षातले किती महिने आईजवळ होते? आम्हीही मोहिमेवरच असतो हो, आमची मोहीम कंपनीची. मग आम्हालाच का बोल लावता?

प्रश्न बरोबर होता. मी त्याला बोल लावला नाही आणि आजही लावत नाही. पोट आहे, पोराबाळांचे शिक्षण आहे. पंढरीच्या दिंडीत चालणाऱ्या किती आयांची लेकरे पुण्या-मुंबईला, दुबईला, अमेरिकेला आहेत ते मला ठाऊक आहे. मी त्याला एवढेच म्हटले, बाबा, महाराज किती दिवस लांब होते ते मोजू नको. जाताना चावी कोणाकडे दिली ते बघ, आणि आल्यावर आधी कोणाच्या पाया पडले ते बघ. तो म्हणाला, आम्हीही पैसे पाठवतो. मी म्हटले, महाराजांनी तर तुला केली होती, तरी त्यांना तेवढ्याने पुरले नव्हते. यावर तो हसला. पण मग बराच वेळ तिथेच पायरीवर बसून राहिला.

आईलाही हे एकतर्फी नव्हते बरं का. १६६० चा प्रसंग आहे. महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. मार्च गेला, एप्रिल गेला, पावसाळा लागला. परमानंद कवींनी शिवभारतात वर्णन केले आहे की लेकाला सोडवायला मातोश्री स्वतः निघायला सिद्ध झाल्या. पुढे नेताजी पालकर आले, त्यांनी ते काम अंगावर घेतले. साठीची बाई हो! गडावर आणखी माणसे नव्हती काय? होती. पण आई वाट पाहते तेव्हा तिला सेनापतीवर विसंबून झोप येत नाही.

आणि तो नातू. सईबाई गेली तेव्हा संभाजीराजे दोन वर्षांचे. कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजले, आजीने मांडीवर वाढवले. १६६४ साली मातोश्री चितेकडे निघाल्या तेव्हा हे पोर अजून सात वर्षांचेही नव्हते, आणि एकदा पोरके झालेले होते. त्या दिवशी महाराजांनी आई थांबवली ती स्वतःसाठी, पण तिथे दुसरेही एक लेकरू होते, ज्याला बोलून दाखवता येत नव्हते. आग्र्याच्या सुटकेत हेच पोर मथुरेला मागे ठेवावे लागले. महाराज बैराग्याच्या वेषात एकटे परत आले तेव्हा आजीने पहिला प्रश्न काय विचारला असेल, ते सांगायला बखर कशाला हवी? नातू पुढे सुखरूप आला.

१६७० च्या फेब्रुवारीत कोंढाणा परत आला, तानाजी मालुसरे गेले. शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात मातोश्री लेकाशी सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात आणि कोंढाणा मागतात. शाहिराचे आहे ते, शाहिराच्या रीतीने घ्यावे. मला त्यातले एवढेच आवडते की एवढ्या धामधुमीत मायलेक सोंगट्या खेळायला बसतात, हे शाहिराला आणि ऐकणाऱ्या मावळ्यांना अगदी साहजिक वाटले.

मग राजधानी रायगडावर गेली. रायगड म्हणजे उभा कडा, वर मोकळे पठार, वाऱ्याला आडोसा नाही, पावसाळ्यात ढगात बुडालेला. सत्तरी ओलांडलेल्या आईला ती हवा सोसेना. तेव्हा महाराजांनी काय करावे? राजधानी तर हलवता येत नाही. त्यांनी गडाच्या पायथ्याला, पाचाडला, आईसाठी वाडा बांधला. तटबंदीचा, विहिरींचा, शिबंदी ठेवलेला. त्यातली एक तक्क्याची विहीर म्हणून दाखवतात. काठावर टेकायला दगडी तक्क्या आहे. मातोश्री तिथे टेकून बसत, पाण्याला येणाऱ्या बायाबापड्यांची विचारपूस करत, असे तिथले लोक सांगतात. वर सिंहासनाचे बांधकाम, खाली आईची विहीर.

त्याच रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. दूध घालायला गेलेली गवळण, सांजेला दरवाजे बंद झाले, घरी तान्हे बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. लोकांनी ती कथा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, आणि म्हणतात की महाराजांनी त्या कड्यावर बुरूज बांधला तर त्याला तिचेच नाव दिले. ज्याच्या आईचा वाडा त्याच कड्याच्या पायथ्याशी होता, त्याच्या राज्यात असे नाव पडावे यात मला काही नवल वाटत नाही.

१६७४. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, ६ जून. राज्याभिषेक. गागाभट्ट आले, सप्तनद्यांची उदके आली, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन आला. ते वैभव आपण पुष्कळदा ऐकले आहे, मी त्यात शिरत नाही. मला त्या दरबारातली एकच जागा बघायची आहे. दहा वर्षांपूर्वी राजगडावर लेकाने विचारले होते, मी जे करतो ते पाहायला कोण? आता सिंहासनावर छत्र धरले गेले, तोफा झाल्या, एकेका गडाने तोफेला तोफेने उत्तर दिले. आणि पाहणारी होती. शहात्तर वर्षांची, थकलेली, पण होती. लखुजींच्या रक्ताच्या थारोळ्यातून निघालेली ती लेक, लेकाच्या मस्तकावर छत्र पाहत होती. चितेकडे निघालेल्या त्या दिवशी मिठी सुटली असती, तर हा सोहळा झाला असता की नाही ते देव जाणे. पण झाला असता तरी महाराजांनी ती जागा रिकामीच पाहिली असती.

पुढे बारा दिवससुद्धा भरले नाहीत. पाऊस सुरू झाला होता. ज्येष्ठ वद्य नवमी, १७ जून, बुधवारची मध्यरात्र. पाचाडच्या वाड्यात मातोश्रींनी डोळे मिटले.

राज्याभिषेकाचे हार अजून सुकले नव्हते आणि छत्रपती सुतकात बसले. दुःख किती झाले ते इतिहासात मोजलेले नाही. मला त्या बारा दिवसांचेच राहून राहून वाटते. लेकाने मागितले होते तेवढे दिले. पाहून झाले, आणि मगच गेली. आद्य शंकराचार्य संन्यासी, पण आईच्या अखेरीस सगळे नियम बाजूला ठेवून कालडीला आले, असे आपली परंपरा सांगते. हा तर छत्रपती. पण पाचाडला त्या रात्री छत्रपती कोणी नव्हता. फक्त आईचा शिवबा होता.

निश्चलपुरी गोसावी म्हणून एक तांत्रिक होते. त्यांचे म्हणणे पडले की पहिल्या अभिषेकात न्यून राहिले, म्हणून हे अशुभ घडले. त्यांच्या सांगण्यावरून आश्विन शुद्ध पंचमीला, २४ सप्टेंबर १६७४ ला, महाराजांनी दुसरा अभिषेक तांत्रिक विधीने करून घेतला. शांत, आटोपशीर. आई गेल्यावर शहाण्यासुरत्या माणसालाही वाटते की आपल्याकडून काही चुकले असेल, काही राहिले असेल. असे वाटणारी माणसे या मंडपातही बसली असतील.

त्या दुसऱ्या अभिषेकाला सिंहासन तेच होते. पाचाडहून मात्र या वेळी पालखी वर आली नाही.

रायगडाला जाल तेव्हा हिरकणीवाडीतून रोपवेने झरकन वर जाऊ नका. आधी पाचाडला उतरा. समाधीपाशी दोन फुले ठेवा, तक्क्याच्या विहिरीवर घटकाभर बसा, आणि मग गड चढा. चला, आरतीची वेळ झाली. ज्यांच्या आया सोबत आल्या आहेत त्यांनी त्यांना पुढे आणा, मागे गर्दीत त्यांना निरांजन दिसत नाही.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!